स्तन कर्करोग व शारीरिक व्यायाम

स्तन कर्करोग व शारीरिक व्यायाम : स्तनातील दुग्धवाहिन्या व दुग्धखंडिका यांच्या अस्तरातील कोशिकांची (पेशींची) अनिर्बंध वाढ होऊन जे मारक अर्बुद (प्राणघातक ठरू शकणारी गाठ) निर्माण होते, त्यास स्तन कर्करोग म्हणतात. जगातील स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत त्याचा क्रमांक पहिला लागतो. २०२२ मध्ये जगात सु. २३ लक्ष स्त्रियांना हा रोग झाल्याचे व सु. ६·७ लक्ष स्त्रिया त्याने मृत्यू पावल्याचे अनुमान आहे. त्याच वर्षी भारतातील नव्या रुग्णांची संख्या सु. १·९ लक्ष व मृत्यूंची संख्या सु. ९८,००० होती. पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात हा रोग सर्वसाधारणपणे एक दशक अगोदरच्या वयात आढळतो. त्यामुळे संसाराची व शेतीची जबाबदारी ऐन भरात असलेल्या स्त्रिया त्यास बळी पडतात. [→ कर्करोग].

कंकाल स्नायूंच्या (हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या) आकुंचनाने घडणाऱ्या व ऊर्जा खर्च करणाऱ्या कोणत्याही हालचालीस शारीरिक क्रिया म्हणतात. शरीराची क्षमता राखण्याच्या वा वाढविण्याच्या हेतूने योजनापूर्वक, ठराविक क्रमाने व पुनःपुन्हा केलेली शारीरिक क्रिया म्हणजे व्यायाम होय. हा भेद १९८५ मध्ये कॅस्परसन व त्यांचे सहकारी यांनी स्पष्टपणे मांडला. प्रस्तुत विषयात तो महत्त्वाचा आहे. कारण शेतात व घरात दिवसभर राबणाऱ्या स्त्रीस शारीरिक क्रिया भरपूर घडते, परंतु व्यायाम घडतोच असे नाही. व्यायामाचा या रोगाशी असलेला संबंध दोन अंगांनी विचारात घ्यावा लागतो : एक, रोग होण्याच्या शक्यतेवरील परिणाम आणि दोन, रोग झाल्यानंतर चिकित्सेच्या काळात व पुढील आयुष्यात होणारा परिणाम.

इतिहास : स्त्रीच्या राहणीचा व स्तन कर्करोगाचा संबंध असावा, ही कल्पना जुनी आहे. इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी जोगिणींमध्ये या रोगाचे प्रमाण अधिक असल्याचे नमूद केले होते. अपत्य न होणे हा रोगसंभव वाढविणारा घटक असल्याचे पुढील काळात सिद्ध झाले. कष्टाच्या व्यवसायांतील लोकांत कर्करोगाने होणारे मृत्यू कमी असतात, असे निरीक्षण अमेरिकेतील सिव्हर्टसेन व डालस्ट्रॉम यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. तथापि त्यानंतर सु. सहा दशके या विषयाकडे फारसे लक्ष गेले नाही.

१९८५ मध्ये रोझ फ्रिश व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील महाविद्यालयांच्या ५,३९८ माजी विद्यार्थिनींची पाहणी केली. विद्यार्थिदशेत खेळाडू असलेल्या स्त्रियांच्या तुलनेने खेळात भाग न घेतलेल्या स्त्रियांत स्तन कर्करोगाचा धोका सु. १·८६ पट असल्याचे त्यांना आढळले. लेस्ली बर्नस्टाइन यांच्या १९९४ मधील अभ्यासात, ऋतुप्राप्तीनंतरच्या वर्षांत आठवड्यास सरासरी ३·८ तास वा अधिक व्यायाम केलेल्या चाळिशीपर्यंतच्या स्त्रियांत हा धोका निम्म्याहून कमी दिसून आला. नॉर्वेतील २५,६२४ स्त्रियांच्या दीर्घकालीन निरीक्षणातून (१९९७) नियमित व्यायाम करणाऱ्यांत हा धोका ३७% कमी असल्याचे निदर्शनास आले.

संशोधनाचा आवाका जसजसा वाढत गेला, तसतसे हे प्रारंभीचे मोठे आकडे खाली आले. २०१६ मध्ये सु. १४·४ लक्ष व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात फावल्या वेळात सर्वाधिक शारीरिक क्रिया करणाऱ्या स्त्रियांत स्तन कर्करोगाचा धोका सर्वांत कमी क्रिया करणाऱ्यांपेक्षा सु. १०% कमी आढळला. निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र विचार करता ही घट साधारणपणे १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान असावी, असे मानले जाते. जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या २०१८ मधील अहवालानुसार ऋतुनिवृत्तीपूर्वी जोरकस व्यायामामुळे आणि ऋतुनिवृत्तीनंतर सर्व प्रकारच्या शारीरिक क्रियांमुळे धोका कमी होतो, यास सबळ पुरावा आहे.

यांतील बहुतेक अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचा आहार, वजन, शिक्षण व आर्थिक स्थिती ही इतरांहून वेगळी असू शकतात आणि त्यांचा प्रभाव गणिताने पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. शिवाय १० ते २० टक्के ही घट समूहास लागू पडते. अमुक एका स्त्रीस रोग होईल किंवा होणार नाही, हे तीवरून सांगता येत नाही. वाढते वय, आनुवंशिकता (उदा., १९९४ व १९९५ मध्ये शोध लागलेल्या बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या जनुकांतील दोष), ऋतुप्राप्ती लवकर व ऋतुनिवृत्ती उशिरा होणे, पहिले अपत्य उशिरा होणे वा मुळीच न होणे, मद्यपान इ. घटक स्वतंत्रपणे कार्य करीत असतात. म्हणून नियमित व्यायाम करणाऱ्या स्त्रीसही हा रोग होऊ शकतो व तो झाल्यास त्याचा दोष तिच्याकडे जात नाही.

कार्यपद्धती : स्तनातील अनेक अर्बुदांची वाढ इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनावर (उत्तेजक अंतःस्रावावर) अवलंबून असते. ऋतुनिवृत्तीपूर्वी इस्ट्रोजेन मुख्यत्वे अंडकोशात तयार होते. ऋतुनिवृत्तीनंतर ते मुख्यतः वसा-ऊतकात (चरबीच्या कोशिकांच्या समूहात) अ‍ॅरोमॅटेज या एंझाइमाच्या साहाय्याने तयार होते. साहजिकच उतारवयात शरीरातील चरबी जितकी अधिक, तितके हे उत्पादन अधिक. व्यायामाने चरबी घटली म्हणजे त्याचा उगमच आटतो. कॅनडातील अ‍ॅल्बर्टा प्रांतात ऋतुनिवृत्ती झालेल्या ३२० निरोगी परंतु बैठे जीवन जगणाऱ्या स्त्रियांवर केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आठवड्यातून पाच दिवस ४५ मिनिटे व्यायामाचा कार्यक्रम वर्षभर देण्यात आला. या स्त्रियांच्या रक्तातील इस्ट्रोजेनाचे प्रमाण तुलनेने घटले आणि लैंगिक हॉर्मोनांना बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण वाढले.

दुसरा मार्ग इन्शुलिनाचा आहे. बैठे जीवन व पोटावरील चरबी यांमुळे इन्शुलिनाचा परिणाम मंदावतो व शरीर ते अधिक प्रमाणात निर्माण करू लागते. इन्शुलीन व त्याच्याशी साम्य असलेले वृद्धिघटक कोशिकांच्या विभाजनास उत्तेजन देतात. काम करणारा स्नायू रक्तातील शर्करा उचलतो. त्यामुळे इन्शुलिनाची गरज कमी होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्णांच्या अभ्यासात कमरेभोवतीच्या चरबीचा स्तन कर्करोगाशी असलेला संबंध ऋतुनिवृत्तीपूर्वी व नंतर अशा दोन्ही अवस्थांत आढळून आला. भारतीय स्त्रियांत एकूण वजन बेताचे असूनही पोटावर चरबी साठण्याची प्रवृत्ती दिसते, हे लक्षात घेता या मार्गास विशेष महत्त्व आहे. यांशिवाय व्यायामामुळे शरीरातील दीर्घकालीन सौम्य शोथ (दाह) कमी होतो आणि प्रतिरक्षा यंत्रणेतील नैसर्गिक मारक कोशिका रक्तात अधिक संख्येने येतात. उंदरांवरील प्रयोगांत धावण्यामुळे या कोशिका अर्बुदापर्यंत पोहोचल्याचे व अर्बुदांची वाढ मंदावल्याचे दिसले. मात्र मानवात हा परिणाम कितपत घडतो, याविषयी संशोधन चालू आहे.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील स्थिती : या दोन जिल्ह्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीचा पावसाळी डोंगराळ भाग, मध्यभागी कृष्णा-कोयनांची बागायती खोरी आणि पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत यांसारखे अवर्षणप्रवण तालुके आहेत. पश्चिमेकडे भाताची लावणी, खोऱ्यात ऊस व हळदीची खुरपणी, तासगावकडे द्राक्षबागांतील कामे आणि पूर्वेस पाण्यासाठी पायपीट असे स्त्रियांच्या कष्टांचे स्वरूप प्रदेशानुसार बदलत आले आहे. जात्यावरचे दळण, उखळातील कांडण, विहिरीचे पाणी शेंदणे व डोक्यावरून हंडे आणणे ही दोन पिढ्यांपूर्वी प्रत्येक घरातील नित्याची कामे होती. पिठाची गिरणी, नळाचे पाणी, स्वयंपाकाचा गॅस व दुचाकी वाहने यांमुळे यांपैकी बरेच कष्ट नाहीसे झाले. हे इष्टच झाले. तथापि त्यांच्याबरोबर नकळत होणारी स्नायूंची हालचालही गेली आणि तिची जागा दुसऱ्या कशाने भरून निघाली नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने महाराष्ट्रासह चार प्रदेशांत केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक (५४·४%) व्यक्तींची शारीरिक हालचाल अपुरी असल्याचे आढळले व त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक होते.

घरकामाचाही उपयोग होतो, असे म्हणण्यास आधार आहे. यूरोपातील नऊ देशांत दोन लक्षांहून अधिक स्त्रियांच्या निरीक्षणातून (२००७) भरपूर घरकाम करणाऱ्यांत स्तन कर्करोगाचा धोका काहीसा कमी आढळला. सांगली जिल्ह्याच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण लोकसंख्येवर आधारित अशी भारतातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथे स्तन कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी असल्याचे दिसून आले. परंतु याचे श्रेय केवळ कष्टांस देता येत नाही. ग्रामीण भागात पहिले बाळंतपण लवकर होणे, अपत्यांची संख्या अधिक असणे व मुलास दीर्घकाळ अंगावर पाजणे हेही रोगास प्रतिकूल घटक आहेत आणि ते सर्व आता बदलत आहेत. शिवाय कष्ट हंगामी असतात. खुरपणीसारख्या कामात शरीर तासन्‌तास एकाच वाकलेल्या स्थितीत राहते. कंबर व गुडघे झिजतात, परंतु खांद्यांस पूर्ण फिरत मिळत नाही व हृदयाची गती पुरेशी वाढतेच असे नाही. पोटभर आहार व विश्रांती यांच्या अभावी असे कष्ट शरीरास झिजवितात. व्यायामात मात्र श्रम व विश्रांती यांचे प्रमाण ठरविलेले असते.

स्त्रियांच्या व्यायामाची परंपरा या प्रदेशास अपरिचित नाही. मंगळागौरीच्या रात्री खेळल्या जाणाऱ्या फुगडी, झिम्मा, पिंगा इ. खेळांत मोठे स्नायू जोमाने वापरले जातात. मात्र ते प्रासंगिक असतात. नियमित व्यायामाचा आग्रह औंध संस्थानात धरला गेला. सातारा जिल्ह्यातील औंध व सध्या सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी हे या संस्थानाचे भाग होते. संस्थानाधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला, ते शाळांतून सुरू केले आणि स्त्रियांनीही ते घालावेत असे प्रतिपादन केले. त्यांचा द टेन-पॉइंट वे टू हेल्थ हा ग्रंथ १९३८ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. सूर्यनमस्कारांनी अनेक रोग टळतात हा त्यांचा दावा अनुभवावर आधारलेला होता. कर्करोगाच्या संदर्भात तो पुरावा म्हणून घेता येत नाही. परंतु स्त्रीने घरातल्या घरात, साधनांवाचून व रोज व्यायाम करावा, ही त्यातील कल्पना आजच्या वैद्यकीय सल्ल्याशी जुळणारी आहे. अलीकडच्या काळात माण तालुक्यातील मोही येथील धावपटू ललिता बाबर यांनी २०१६ च्या रीओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मी. स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गाठली, तर २०१२ पासून साताऱ्यात होणाऱ्या डोंगरी अर्धमॅरेथॉनमध्ये स्त्रियाही धावतात. किशोरवयातील व तारुण्यातील व्यायामाचा लाभ पुढील आयुष्यातही मिळत असल्याने मुलींच्या क्रीडाशिक्षणाचे महत्त्व पदकांपुरते मर्यादित नाही.

शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम : अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू व काखेतील लसीका ग्रंथी काढून टाकीत. परिणामी खांदा आखडणे व हात सुजणे हे नित्याचे होते. पुढील काळात शस्त्रक्रिया सौम्य होत गेली व १९८० नंतर शक्य तेथे स्तन राखून केवळ गाठ काढण्याची पद्धती मान्यता पावली. तथापि काखेतील ग्रंथी काढल्यास किंवा प्रारण चिकित्सा (किरणोपचार) दिल्यास खांद्याचा आखडलेपणा आजही उद्‌भवतो. वेदनेच्या भीतीने हात छातीशी धरून ठेवल्यास तो वाढतो. खांदा मोकळा नसेल, तर प्रारण चिकित्सेच्या वेळी हात डोक्यावर नेऊन स्थिर ठेवणेही कठीण होते व चिकित्सेत अडथळा येतो.

यासाठी शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासूनच मूठ उघडणे-मिटणे, मनगट व कोपर वाकविणे आणि दीर्घ श्वसन सुरू करतात. जखमेतील स्राव वाहून नेणारी नळी असेपर्यंत सामान्यतः खांदा काटकोनाच्या वर नेत नाहीत. नळी काढल्यानंतर, शस्त्रक्रियाविशारदांच्या अनुमतीने, भिंतीसमोर उभे राहून बोटांनी हळूहळू वर चढत जाणे, दोन्ही हातांत काठी धरून ती डोक्यावर नेणे, खांदे गोल फिरविणे, हात मागे नेऊन पाठीवर सरकविणे इ. प्रकार करतात. भिंतीवर रोज जेथवर बोटे पोहोचतील तेथे खूण केल्यास प्रगती स्त्रीस स्वतःच पाहता येते. स्वतःची वेणी घालणे, चोळी वा पोलके घालणे, दोरीवर कपडे वाळत टाकणे ही दैनंदिन कामे विनासायास होऊ लागणे, ही खांदा पूर्ववत झाल्याची व्यवहारातील कसोटी होय. ज्यांत शरीराचा भार हातांवर येतो, असे सूर्यनमस्कारासारखे प्रकार जखम पूर्णपणे भरून आल्यानंतर व क्रमाक्रमानेच सुरू करावे लागतात.

लसीका-शोफ : काखेतील ग्रंथी काढल्यामुळे लसीका द्रवाचा निचरा मंदावून हातास येणाऱ्या सुजेस लसीका-शोफ म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, क्वचित अनेक वर्षांनीही, ही सूज येऊ शकते. हात जड वाटणे, नेहमीची बांगडी वा अंगठी घट्ट होणे ही तिची पहिली लक्षणे असतात. या भीतीपोटी त्या हाताने काहीही उचलू नये असा सल्ला स्त्रियांना पुष्कळ वर्षे दिला जात असे. कॅनडातील वैद्य डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ मध्ये व्हँकूव्हर येथे हा रोग होऊन गेलेल्या २४ स्त्रियांचे पथक लांब नौका वल्हविण्यासाठी तयार केले आणि या समजुतीस आव्हान दिले. त्यानंतर कॅथ्रिन श्मित्स व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत रीतसर प्रयोग केले. लसीका-शोफ असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांना देखरेखीखाली, हळूहळू वाढणाऱ्या वजनांचा व्यायाम वर्षभर देण्यात आला. सूज बळावण्याचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत १४%, तर न करणाऱ्यांत २९% होते (२००९). सूज नसलेल्या स्त्रियांवरील दुसऱ्या प्रयोगातही (२०१०) व्यायामामुळे नव्याने सूज येण्याचे प्रमाण वाढले नाही.

मात्र या प्रयोगांतील वजने अगदी हलक्यापासून सुरू करून क्रमाने वाढविलेली होती. भरलेला हंडा वा वैरणीचा भारा एकाएकी उचलणे हे त्यांच्याशी समान मानता येणार नाही. भाकरी थापणे, पोळ्या लाटणे, केर काढणे यांपासून प्रारंभ करून कपडे पिळणे, पाणी शेंदणे व अखेरीस शेतकाम असा क्रम ठेवणे हितावह ठरते. जंतुसंसर्गाने सूज बळावते. म्हणून उसाच्या पात्यांचे व काट्यांचे ओरखडे, विळ्या-खुरप्याच्या जखमा आणि हळद शिजविताना होणारे चटके यांपासून त्या हातास जपावे व कामाच्या वेळी हातमोजे वापरावेत. हात लाल व गरम होऊन ताप आल्यास विलंब न करता वैद्यकीय उपचार घ्यावे लागतात.

चिकित्सेच्या काळात : रासायनिक चिकित्सा व प्रारण चिकित्सा यांच्या काळात येणारा थकवा झोपेने वा विश्रांतीने पुरता जात नाही. रुग्ण जितकी अधिक काळ अंथरुणावर राहते, तितके तिचे स्नायू क्षीण होतात व थोड्याशा श्रमाने येणारा थकवा अधिकच वाढतो. हे चक्र तोडण्याचा सर्वांत चांगला सिद्ध झालेला उपाय म्हणजे बेताचा व्यायाम होय. कॅनडात २४२ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात (२००७) रासायनिक चिकित्सेबरोबर वजनांचा व्यायाम करणाऱ्यांचे स्नायुबल वाढले आणि त्यांना औषधांच्या ठरलेल्या मात्रा अधिक प्रमाणात पूर्ण करता आल्या. अ‍ॅरोमॅटेजाचे कार्य रोखणारी औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या स्त्रियांस सांधेदुखीचा त्रास होतो व त्यामुळे काही जणी औषध सोडून देतात. नियमित व्यायामाने ही सांधेदुखी कमी होत असल्याचे २०१५ मध्ये दाखविण्यात आले. अशा रीतीने व्यायाम मूळ चिकित्सा पार पाडण्यासच साहाय्य करतो. योगासने व प्राणायाम यांचा समावेश असलेल्या कार्यक्रमाने रुग्णांचे जीवनमान सुधारते, असे टाटा स्मारक रुग्णालयातील अभ्यासातही दिसून आले आहे.

आयुर्मानावरील परिणाम : अमेरिकेतील २,९८७ रुग्ण परिचारिकांच्या निरीक्षणातून (२००५) असे आढळले, की निदानानंतर आठवड्यास सु. तीन ते पाच तास मध्यम गतीने चालण्याइतका व्यायाम करणाऱ्या स्त्रियांत या रोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण अत्यल्प व्यायाम करणाऱ्यांच्या निम्म्यापर्यंत खाली येते. परंतु ज्यांची प्रकृती मुळात बरी, त्याच अधिक चालू शकतात, ही शक्यता अशा निरीक्षणात राहते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरील प्रयोगात चिकित्सेनंतर दिलेल्या नियोजित व्यायामामुळे रोग उलटण्याचे व मृत्यूचे प्रमाण घटल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तन कर्करोगाच्या बाबतीत इतका निर्णायक प्रयोग झालेला नाही. त्यामुळे व्यायामाने आयुष्य वाढते असे येथे खात्रीने म्हणता येत नाही. व्यायामाने उरलेले आयुष्य अधिक कार्यक्षम होते, हे मात्र निश्चित झाले आहे.

प्रमाण व दक्षता : निरोगी प्रौढ व्यक्तीने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी आणणारा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे (२०२०). चालताना बोलता येते परंतु गाणे म्हणता येत नाही, अशी गती म्हणजे मध्यम व्यायाम होय. कर्करोगाच्या रुग्णांसाठी तज्ञांनी २०१९ मध्ये सुचविलेले प्रमाण आठवड्यातून तीन वेळा प्रत्येकी ३० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम व दोन वेळा स्नायूंचा व्यायाम असे आहे. अशक्त रुग्णाने दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटे अंगणात चालण्यापासून आरंभ केला, तरी चालतो.

ताप, तीव्र रक्तक्षय, रक्तातील बिंबाणूंची (रक्त साखळण्यास मदत करणाऱ्या कणांची) संख्या फार कमी असणे, छातीत दुखणे वा धाप लागणे अशा वेळी व्यायाम थांबवावा लागतो. काही औषधांनी हृदयाचे स्नायू दुर्बल होतात, तर काहींनी पायांची संवेदना कमी होऊन तोल जातो. अशा रुग्णांस वेगळी योजना आखून द्यावी लागते. रोग हाडांत पसरला असल्यास वाकणे, पिळणे व वजन उचलणे यांमुळे अस्थिभंगाचा धोका असतो. या कारणांसाठी व्यायामाचा क्रम चिकित्सक व भौतिक चिकित्सातज्ञ यांच्या सल्ल्याने ठरविणे आवश्यक असते. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरज येथे रुग्णालय स्थापन केल्यापासून ते शहर दक्षिण महाराष्ट्रातील वैद्यकीय केंद्र म्हणून विकसित झाले. तेथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालयही आहे. सातारा जिल्ह्यात कराड येथे वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेले रुग्णालय आहे. दूरच्या गावाहून तेथे वारंवार येणे शक्य नसलेल्या स्त्रीस घरी परतण्यापूर्वीच व्यायाम प्रत्यक्ष करवून दाखविणे व तो तिच्याबरोबरच्या आप्तासही शिकविणे उपयुक्त ठरते.

सामाजिक अंगे : व्यायामातील खरा अडथळा बहुधा शारीरिक नसतो. आजारी माणसाने पडून राहावे ही समजूत घरोघर दृढ आहे. ती मायेपोटी असली, तरी रुग्णाच्या हिताआड येते. याच्या उलट, टाके निघताच स्त्रीस चूल, गोठा व शेत यांना पूर्ववत जुंपले जाते, असेही घडते. या दोन्ही टोकांत तिला हवी असलेली गोष्ट राहून जाते, ती म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या प्रमाणात, केवळ तिच्या स्वतःच्या शरीरासाठी केलेली हालचाल. एकटीने फिरावयास जाण्याचा संकोच, रस्त्यावर उजेड नसणे आणि शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या देहाविषयी वाटणारी लज्जा हीही कारणे असतात. दोघी-तिघींनी मिळून चालणे, महिला बचत गटांच्या बैठकीस जोडून व्यायाम करणे व शाळेचे पटांगण सकाळी स्त्रियांसाठी मोकळे ठेवणे यांसारख्या साध्या उपायांनी ही अडचण पुष्कळशी दूर होऊ शकते.

व्यायाम हा शस्त्रक्रियेस, औषधांस वा प्रारण चिकित्सेस पर्याय नाही. तसेच तो वेळीच निदान करण्यासही पर्याय नाही. भारतात अनेक स्त्रिया गाठ बरीच वाढल्यावरच रुग्णालयात येतात. मुंबईत १९९८ मध्ये सुरू झालेल्या व दीड लक्ष स्त्रियांचा समावेश असलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या हातांच्या तपासणीमुळे रोग लवकरच्या अवस्थेत उघडकीस आला व पन्नाशीपुढील स्त्रियांत त्यामुळे होणारे मृत्यू सु. ३० टक्क्यांनी घटले. स्तनात वा काखेत न दुखणारी गाठ, त्वचेस खळी पडणे, स्तनाग्र आत ओढले जाणे वा त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे यांपैकी काहीही आढळल्यास, स्त्री कितीही कष्टाळू व सशक्त असली तरी, तपासणी लांबणीवर टाकणे धोक्याचे असते.